बंदरातल्या यार्डाची धूळ आणि गढूळ पाणी एकदम आवरायची पद्धत, खास कोल्हापूरच्या वाहतूकवाल्यांसाठी आणि कंत्राटदारांसाठी

कोल्हापूरला समुद्र नाही पण बंदराशी आपला व्यवहार जुना आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला लागणारा कोक, कोळसा बंदरातनं वर येतो, शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडं बॉक्साइट सापडतं, कारखान्यांची साखर आणि मळी परदेशी जायची तर घाट उतरावाच लागतो. त्यामुळं आपल्याकडचे बरेच जण आधी नुसते ट्रक लावायचे ते आता बंदरात प्लॉट घेऊन माल उतरवणं, साठवणं, भरून देणं अशी कामं घ्यायला लागलेत. काम घेताना टनाचा दर, लोडर किती, ट्रक किती याचा हिशेब नीट होतो, पण धुळीचं आणि पाण्याचं काय करायचं हे नोटीस हातात पडल्यावर आठवतं. म्हणून हे सगळं एका जागी सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. यार्डातली धूळ आणि यार्डातलं गढूळ पाणी, दोन्ही ताप एकाच मालाचे आहेत. जो बारीक माल जमिनीवर सांडतो तो मार्च-एप्रिलमध्ये उडतो आणि जूनमध्ये वाहतो. बहुतेक ठिकाणी होतं काय, धुळीची तक्रार आली की टँकरनं दणादण पाणी मारतात, धूळ बसते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि तीच धूळ चिखल होऊन गटारातनं खाडीत जाते. मग मच्छीमार तक्रार करतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी सांडू द्यायचं नाही, सांडलं तर कोरडंच उचलायचं, मग गरजेपुरतं पाणी मारायचं, आणि ते पाणी जाणार कुठं हे पाइपलाइन टाकायच्या आधी ठरवायचं. हा क्रम उलटा केला की खर्च दुप्पट होतो, हे मी ठामपणे सांगतो.

दुर्लक्ष केलं तर काय होतं याचं उदाहरण मलेशियातलं क्वांतान. २०१५ मध्ये तिथं बॉक्साइटचा धंदा एवढा वाढला की उघड्या ट्रकांनी रस्ते लाल, घरं लाल आणि पाऊस पडल्यावर किनाऱ्याचा समुद्रसुद्धा लाल झाला. शेवटी जानेवारी २०१६ पासून सरकारनं खाणकामच थांबवलं, ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचं काय झालं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या देशातही चेन्नई बंदरातनं कोळसा आणि लोहखनिज २०११ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानं हलवावं लागलं, कारण शेजारच्या वस्तीला धूळ सहन होईना.

कागदपत्रं आधी वाचा

यात जास्त वेळ घालवत नाही, पण १९७४ चा पाण्याचा कायदा आणि १९८१ चा हवेचा कायदा या दोन्हींखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. रत्नागिरी जिल्हासुद्धा मंडळाच्या कोल्हापूर प्रादेशिक कार्यालयाकडंच येतो, म्हणजे चौकशीला लांब जायची गरज नाही. बंदराच्या स्वतःच्या संमतीपत्रात आणि पर्यावरण मंजुरीत ज्या अटी असतात त्याची कॉपी मागून घ्या, टेंडरमध्ये एका ओळीत "सर्व अटी कंत्राटदारास लागू" असं लिहिलेलं असतं आणि त्या एका ओळीत स्प्रिंकलर, व्हील वॉश (ट्रकची चाकं धुवायचा खड्डा), सेटलिंग टँक (गाळ बसवायची टाकी) सगळं तुमच्या गळ्यात येतं. दर भरायच्या आधी वाचलं तर तो खर्च दरात धरता येतो.

पायरी १: प्लॉट पायी फिरा, नकाशा काढा

ड्रोन नको, सॉफ्टवेअर नको. एका कागदावर प्लॉट काढा आणि दोन रंगांच्या पेननं खुणा करा, धूळ कुठून उठते ते लाल आणि पाणी कुठून कुठं वाहतं ते निळं. धक्का, हॉपर (माल ओतायचं मोठं नरसाळं), ढीग, काटा, गेट, डिझेलची जागा, नाली, पाणी बाहेर पडायचं तोंड, सगळं आलं पाहिजे. पाण्याचा उतार उन्हाळ्यात दिसत नाही, मग एक टँकर वरच्या कोपऱ्यात सोडून बघा, पाणी कुठं साचतं आणि कुठून निसटतं ते तासाभरात कळतं.

वाऱ्याचं गणित कोकणात सोपं आहे. पावसाळा सोडला तर दुपारी समुद्रावरनं जमिनीकडं खारा वारा येतो आणि रात्री-पहाटे जमिनीवरनं समुद्राकडं मतलई वारा जातो. दुपारचा खारा वारा जोरदार असतो आणि तो धूळ सरळ गावाकडं नेतो. म्हणजे सगळ्यात जास्त धुळीचं काम, समजा कोरडा माल एका ढिगावरनं दुसरीकडं हलवायचा असेल, ते सकाळी लवकर उरकायचं आणि दुपारी २ ते ५ मध्ये शक्यतो ढीग उकरायचा नाही. यात एक रुपयाचा खर्च नाही, पण फरक पहिल्या आठवड्यात दिसतो. एखाद्या खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी (विंडसॉक) लावा म्हणजे लोडरवाल्याला केबिनमधनं दिसेल, आणि जमलं तर वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र घ्या.

पायरी २: उतरवताना सांडू देऊ नका

जहाजातनं ग्रॅबनं (क्रेनच्या जबड्यानं) माल उचलून हॉपरमध्ये किंवा डंपरमध्ये टाकतात तिथं सगळ्यात जास्त धूळ डोळ्यांना दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं एक जुनं सूत्र आहे, सुटा माल ओतताना किती धूळ उडेल त्याचं. त्यातनं आपल्या कामाचा अर्थ एवढाच निघतो की वारा दुप्पट झाला तर धूळ साधारण अडीच पट होते, आणि मालातला ओलावा दुप्पट केला तर धूळ निम्म्याहून खाली, जवळजवळ ३८ टक्क्यांवर येते. म्हणजे वारा आणि ओलावा या दोनच गोष्टींवर निम्मं काम उरकतं.

ग्रॅब हॉपरच्या आत उतरवून मगच उघडायचा, वर दोन-तीन मीटरवरनं सोडायचा नाही. ऑपरेटरला टनावर इन्सेंटिव्ह असतो म्हणून तो घाई करतो, तेव्हा इन्सेंटिव्हची अट बदला, नुसतं ओरडून उपयोग नाही. ग्रॅबचे जबडे नीट मिटतात का ते रोज बघा, जबड्यात ढेकूळ अडकलं की धक्क्यापासून हॉपरपर्यंत मालाची रेघ पडते. जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीवर जाड ताडपत्री किंवा पत्र्याची घसरगुंडी बांधा, म्हणजे सांडलेला माल पाण्यात न पडता धक्क्यावर येईल. ही साधी गोष्ट कितीतरी ठिकाणी नसते आणि त्या फटीतनं दर जहाजाला जाणारा माल समुद्राच्या तळाशी साठत राहतो, पुढं तोच गाळ ड्रेजिंग करून काढावा लागतो.

हॉपरला तिन्ही बाजूंनी पत्रा आणि वर धूळ ओढणारा बॅग फिल्टर असेल तर उत्तमच. कन्व्हेअर असेल तर एका पट्ट्यावरनं दुसऱ्या पट्ट्यावर माल पडतो ती जागा झाकायची, कडेला रबराचे स्कर्ट लावायचे आणि परतीच्या पट्ट्याला चिकटलेला माल खरवडणारा स्क्रॅपर शाबूत ठेवायचा. झाकलेल्या जागेत ड्राय फॉग, म्हणजे पाण्याचं अगदी बारीक धुकं, चांगला चालतो, कारण धुळीचा १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पाण्याच्या मोठ्या थेंबाला चिकटत नाही, त्याच्या बाजूनं हवेबरोबर निसटतो, त्याला पकडायला तेवढाच बारीक थेंब लागतो. पण हाच फॉग उघड्यावर लावू नका, वाऱ्यानं सगळा उडून जातो, पैसे वाया.

पायरी ३: ढीग

ढीग लांबट करा आणि त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडं ठेवा. शंकूसारखे दहा छोटे ढीग करण्यापेक्षा एक मोठा बरा, कारण उघडा पृष्ठभाग कमी होतो. एका वेळी एकाच बाजूनं माल काढा, बाकीच्या बाजूंना हात लावू नका. पाणी मारून वाळलेली वरची साय असते ती धूळ धरून ठेवते, लोडर उगीच चढवला की ती मोडते आणि परत पहिल्यापासून सुरुवात. कोळशाचा ढीग थर देऊन दाबून घेतला तर धूळही कमी आणि आतनं पेट घ्यायचा धोकाही कमी.

पंधरा दिवसांपेक्षा जास्त पडून राहणार असेल तर ताडपत्री टाकाच. आणि ताडपत्री म्हणजे वर नुसती पसरली असं नाही, कडेनं वाळूची पोती नाहीतर जुने टायर दोरीनं बांधून दाबली पाहिजे.

वारा अडवायला लोक भिंत किंवा अखंड पत्रा उभा करतात. त्यापेक्षा जाळी चांगली. साधारण निम्मी उघडी आणि निम्मी बंद अशी जाळी वाऱ्याला मऊ करते, अखंड भिंतीच्या मागं वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि उलट धूळ उचलतो. जाळीची उंची ढिगाएवढी तरी हवी, दहा मीटरच्या ढिगापुढं चार मीटरची जाळी लावून फोटो काढण्यापुरता उपयोग.

एक विषय आपल्याकडं हमखास निघतो, तो मळीचा. मळी पाण्यात कालवून मारली की चिकट थर बसतो आणि धूळ थांबते, हे खरं आहे, जगात बऱ्याच ठिकाणी कच्च्या रस्त्यांवर मारतात. पण समुद्राकाठच्या यार्डात मारू नका. पहिल्या पावसात ती धुऊन जाते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते. होनोलुलू बंदरात सप्टेंबर २०१३ मध्ये पाइप फुटून सुमारे १४०० टन मळी पाण्यात गेली, २६ हजारांवर मासे आणि इतर जीव मेले. पंचगंगेत मळीमिश्रित पाणी आलं की शिरोळकडं मेलेल्या माशांचा खच दिसतो, कारण तेच. यार्डासाठी पावसात न विरघळणारं पॉलिमर मिळतं, त्याचा एक ढीग ट्रायल घ्या, आणि माल घेणाऱ्याला आधी विचारा.

पायरी ४: रस्ता आणि ट्रक (इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या)

बाहेरच्याला ढीग दिसतो, पण रोजच्या धुळीतला मोठा वाटा रस्त्याचा असतो. ढिगावरनं धूळ उडायला जोराचा वारा लागतो, रस्त्यावरची धूळ मात्र दर ट्रकमागं उठते, वारा असो नसो. सांडलेला माल चाकाखाली दळून पीठ होतो आणि ते पीठच गावात जातं. त्यात जड गाडी जास्त धूळ करते आणि कच्च्या रस्त्यावर वेग वाढला की धूळ वाढते, म्हणून यार्डात ताशी २० किलोमीटरची मर्यादा नुसत्या बोर्डावर ठेवू नका, गतिरोधक घाला.

मुख्य रस्ता काँक्रीटचा करा, निदान काट्यापासून गेटपर्यंत. मग झाडायचं यंत्र चालतं. झाडताना व्हॅक्यूमवालं मशीन वापरा, नुसता ब्रश फिरवला की बारीक धूळ हवेत आणि जाड माल कडेला. माणसांकडनं झाडून घ्यायचं असेल तर किंचित ओलं करून, तोंडाला चांगला मास्क देऊन. फाउंड्रीत वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काय होतं हे आपल्या गावातल्या माणसांना माहीत आहे, तेव्हा मास्कवर पैसे वाचवू नका.

रस्ता पाइपानं धुऊ नका. धुतला की काम झटक्यात होतं, पण सगळं गटारात. आधी कोरडं उचला, ते परत ढिगावर टाका, तुमचाच माल आहे, त्याचे पैसे आहेत.

ट्रक भरताना बॉडीच्या फळीच्या वर माल जाता कामा नये. भरल्यावर फाळक्याच्या फटी बघा, जुन्या गाडीला तिथनं माल गळतो, आत जाड प्लास्टिक किंवा गोणपाट टाकलं तरी फरक पडतो. ताडपत्री यार्डातच बांधायची, गेटबाहेर चहाच्या टपरीवर थांबून नाही. आपल्या गाड्या आंबा घाट चढून येतात, वळणावर ढिली ताडपत्री फडफडली की मागच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत कोळसा जातो. ताडपत्रीशिवाय गेटपास मिळणार नाही असा नियम काट्यावरच्या माणसाला देऊन टाका, तोच खरा गेटकीपर.

व्हील वॉश बांधताना लांबी चुकते. मोठ्या ट्रकच्या चाकाचा घेर साधारण सव्वातीन मीटर असतो, म्हणजे चाकाच्या दोन पूर्ण फेऱ्या पाण्यात व्हायच्या तर साडेसहा-सात मीटर लांबी हवीच, तीन मीटरच्या खड्ड्यातनं गाडी गेली तर चाक अर्धवट धुतलं जातं आणि ओला चिखल बाहेरच्या रस्त्यावर. धुतल्यावर पाणी निथळायला पुढं दहा-पंधरा मीटर काँक्रीट ठेवा, त्याचा उतार परत खड्ड्याकडं. खड्ड्यातला गाळ आठवड्याला काढा.

पायरी ५: पाणी किती आणि कधी मारायचं

एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. एक हेक्टरला १० हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज उडून जातं, तेव्हा एकदाच भरपूर मारण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा मारा. माती चमकायला लागली किंवा चाकाला चिकटायला लागली की जास्त झालं. आणि पाणी नेहमी उकरायच्या आधी मारायचं, धूळ उठल्यावर तिच्यामागं पाणी फेकून काही हाती लागत नाही.

उसाच्या रानात वापरतो त्याच जातीची पण मोठी रेनगन ढिगाला चालते. वाऱ्याच्या उलट तिचा मारा निम्म्यावर येतो, म्हणून ती वारा येतो त्या बाजूला बसवा. पिण्याचं पाणी वापरू नका, गावात उन्हाळ्यात टंचाई असताना तुम्ही ढिगावर फवारे उडवलेत तर लोक चिडणारच. सेटलिंग टँकचं पाणी फिरवून वापरा. समुद्राचं पाणी फुकट दिसतं, पण कन्व्हेअर आणि लोडर गंजून जातात आणि मालात मीठ जातं.

ओलावा किती ठेवायचा यावर भांडण ठरलेलं असतं. फाउंड्रीवाला ओला कोक घेत नाही, त्याचं बरोबर आहे, पाण्याचे पैसे तो का देईल आणि भट्टीतली उष्णता पाणी वाळवण्यात का घालवेल. म्हणून कोकला पाणी शेवटचा उपाय ठेवा, झाकणं आणि शेड आधी. कोळशासाठी लॅबमध्ये टेस्ट होते, त्यात माल किती ओला असला की धूळ सुटायची थांबते तो आकडा मिळतो. प्रत्येक खाणीच्या कोळशाचा वेगळा येतो. तो आकडा हातात असला की अंदाजानं पाणी ओतायची वेळ येत नाही.

बॉक्साइट जहाजात भरायचं असेल तर जास्त सावध राहा. बारीक बॉक्साइट प्रमाणाबाहेर ओलं झालं तर जहाजाच्या हलण्यानं ते आत पातळ होऊन एका बाजूला सरकतं. क्वांतानहूनच निघालेलं बल्क ज्युपिटर नावाचं जहाज जानेवारी २०१५ च्या सुरुवातीला असंच बुडालं, १९ पैकी १८ खलाशी गेले. तेव्हा भरायच्या ढिगावर शेवटचे काही दिवस पाणी नाही, ताडपत्री, आणि ओलाव्याचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय लोडिंग नाही.

पायरी ६: पावसाचं पाणी

आता खरं अवघड काम. रत्नागिरीकडं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ज्यानं गगनबावड्याचा जुलै बघितलाय त्याला या पाण्याचा जोर सांगायची गरज नाही. हिशेब करू. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर. दाबलेल्या, पक्क्या यार्डातनं त्यातलं साधारण ८० टक्के वाहून येतं असं धरा, ८ लाख लिटर.

यातलं सगळं साठवता येत नाही, म्हणून पहिलं काम बाहेरचं स्वच्छ पाणी आत येऊ न देणं. मागच्या डोंगराचं पाणी, शेडच्या पत्र्यावरचं पाणी वेगळ्या नालीनं वरच्यावर बाहेर काढा, ते घाण पाण्यात मिसळलं की तेही घाण. प्लॉटच्या खालच्या कडेला बांध घाला आणि ढिगाभोवतीची नाली उघडी ठेवा, वर जाळी टाका, बंद पाइप नको, चोंदला की कळत नाही.

दुसरं, पहिला पाऊस पकडायचा. पहिल्या २५ मिलिमीटरमध्ये सगळ्यात जास्त माल धुऊन येतो, एक हेक्टरमागं ते सुमारे २ लाख लिटर पाणी होतं. तेवढा हौद तरी हवाच, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो रिकामा हवा.

तिसरं, सेटलिंग टँक. खोल खणला म्हणजे चांगला हा समज काढून टाका. गाळ बसायला पाण्याचा पृष्ठभाग लागतो, खोली फक्त बसलेला गाळ साठवायला. कोळशाचा ५० मायक्रॉनचा कण तासाला दोन मीटर खाली बसतो, २० मायक्रॉनचा साधारण ३२ सेंटिमीटर, आणि १० मायक्रॉनचा जेमतेम ८ सेंटिमीटर. आता तासाला ४० मिलिमीटरच्या सरीत एक हेक्टरमधनं तासाला ३२० घनमीटर पाणी येतं. ५० मायक्रॉनपर्यंतचं बसवायला १६० चौरस मीटरची टाकी पुरते, २० मायक्रॉनसाठी १००० चौरस मीटर लागते, आणि १० मायक्रॉनसाठी ४००० चौरस मीटर, म्हणजे चाळीस टक्के प्लॉट टाकीतच गेला. आणि हे कागदावरचं, प्रत्यक्षात पाणी घुसळतं म्हणून अजून मोठी धरावी लागते. म्हणून मी परत परत सांगतोय की बारीक पीठ पाण्यात जाऊच देऊ नका. मे महिन्यात झाडून उचललेला एक ट्रक बारीक माल जुलैमध्ये टाकीत बसवायचा तर त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

टाकीचे दोन-तीन भाग करा. पहिला भाग लोडर आत उतरेल असा उतार ठेवून बांधा, कारण जाड गाळ तिथंच बसणार आणि तो दर आठवड्याला काढायला लागणार. पाणी आत येतं त्या तोंडाशी आडवी भिंत ठेवा म्हणजे ते सरळ टोकाला पळणार नाही. बाहेर पडताना वरच्या थरातनं पातळ पडून जाईल अशी रुंद कड ठेवा आणि तिच्या आधी तेल अडवायला वरनं पाण्यात थोडी बुडालेली आडवी प्लेट.

बारीक गाळ तरीही राहिला तर तुरटी किंवा पीएसी (पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन). डोस डोळ्यानं ठरवू नका, जार टेस्ट करा, सोपी आहे. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १ मिलिलिटर एक लिटर गढूळ पाण्यात टाकलं की १० मिलिग्रॅमचा डोस होतो. सहा बरण्या घ्या, २, ४, ६, ८, १०, १२ मिलिलिटर टाका, एक मिनिट जोरात ढवळा, दहा-पंधरा मिनिटं हळू, मग अर्धा तास हलवू नका. सगळ्यात कमी डोसमध्ये जी बरणी नितळ झाली तो तुमचा डोस. तुरटीनं पाणी आंबट होतं, पीएच तपासा, ५.५ च्या खाली गेलं तर चुना.

बाहेर सोडायच्या पाण्यात गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ मध्ये हवा, हे देशातले सर्वसाधारण निकष, तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच धरायचा. तेल-ग्रीस समुद्रात सोडताना २० आणि नदी-ओढ्यात सोडताना १० मिलिग्रॅम.

मालाप्रमाणं फरक पडतो तोही लक्षात घ्या. गंधक जास्त असलेल्या कोळशाच्या ढिगातनं निथळणारं पाणी आम्लधर्मी येतं आणि धातू विरघळवून आणतं, तिथं नुसतं गाळ बसवून भागत नाही, चुन्याचा डोस लागतो. साखर आणि खत तर पाण्यात विरघळूनच जातात, टाकीत बसणार काहीच नाही, म्हणून त्यांना शेडच पाहिजे आणि सांडलं तर पाण्याचा थेंबही न लावता उचलायचं.

डिझेल भरायची जागा वेगळी करा, काँक्रीट, भोवती बांध, वर पत्रा. टाकीभोवतीच्या बांधात टाकीतलं सगळं डिझेल मावलं पाहिजे. लोडरचं ऑइल ढिगाशेजारी बदलू देऊ नका. बाकी जहाजाची होल्ड (माल भरायची कोठी) धुतलेलं पाणी बंदरात सोडता येत नाही, एजंटला आधीच सांगून ठेवा.

पायरी ७: मोजा आणि लिहून ठेवा

पीएम १० चं (हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं) मोजमाप करताना यंत्र दोन जागी लावा, एक वारा येतो त्या बाजूला आणि एक वारा जातो त्या बाजूला. दोन्हींतला फरक तुमचा. एकाच जागी मोजलं तर शेजारच्या प्लॉटची धूळपण तुमच्या नावावर लागते. हवेचा २४ तासांचा निकष पीएम १० ला घनमीटरमागं १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ला ६० आहे. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचे तास त्यात आले पाहिजेत, नाहीतर रिपोर्ट चांगला आणि गावात तक्रार असा प्रकार होतो.

रोजच्यासाठी महागडं काही नको. गावाच्या बाजूला कडेला पांढरी प्लेट ठेवा आणि रोज संध्याकाळी फोटो काढा. पाण्याचा नमुना पारदर्शक बाटलीत, तारीख चिकटवून, भर पावसात बाहेर पडायच्या तोंडाशी घ्या, ऊन पडल्यावर दोन दिवसांनी नाही. एका वहीत वारा, किती टँकर मारले, किती वेळा झाडलं, किती गाळ काढला आणि कुठं टाकला एवढं लिहा. तपासणीला अधिकारी आला की ही वही आधी मागतो. गावातल्या एका माणसाला आणि मच्छीमार सोसायटीतल्या एकाला तुमच्या सुपरवायझरचा नंबर देऊन ठेवा, तक्रार थेट आली तर अर्ध्या तासात काम थांबवून बघता येतं.

पावसाळ्याआधीची कामं १५ मेपर्यंत संपवा: नाल्या उपसून, हौद रिकामा करून, टाकीतला गाळ काढून, पंप चालवून बघून, तुरटीची पोती कोरड्या जागी ठेवून, ढिगांवर ताडपत्र्या बांधून आणि सगळा रस्ता शेवटचा एकदा कोरडा झाडून. काढलेला गाळ नालीच्या काठावर ठेवू नका, पहिल्या सरीत परत आत जातो. तो पसरून वाळवा आणि मालक तयार असेल तर परत ढिगात मिसळा, नसेल तर मंडळानं सांगितलेल्या जागीच पाठवा आणि गाडीची पावती त्याच वहीला लावून ठेवा.